किती दिवस उरले? ‘कार्पे डिएम’च्या कवितांमधला हिशेब

हिवाळा आहे. बाहेर समुद्र खडकांवर आदळतो आहे. ल्यूकोनोई नावाच्या एका स्त्रीला जाणून घ्यायचं आहे की आपण किती वर्षं जगणार, आणि समोर बसलेला हा माणूस किती वर्षं जगणार. त्यासाठी तिने आकडेमोड आरंभली आहे. पद्धत बाबिलोनहून आलेली, ग्रहताऱ्यांवरून आयुष्य मोजायची. आपल्याकडे पत्रिका पुढ्यात घेऊन बसतात त्यातलाच प्रकार. समोरचा माणूस तिला म्हणतो, राहू दे ते.

तो माणूस म्हणजे रोमन कवी होरेस. इ.स.पू. २३ च्या सुमाराला त्याने आपल्या ‘ओड्स’ची पहिली तीन पुस्तकं एकत्र प्रसिद्ध केली. त्यातल्या पहिल्या पुस्तकातली ही अकरावी कविता, फक्त आठ ओळींची. तिच्या शेवटच्या ओळीत ‘कार्पे डिएम’ हे दोन शब्द येतात. आज ते मगवर, टी-शर्टवर, मनगटावरच्या गोंदणात दिसतात, आणि त्यांचा अर्थ ‘मजा करून घ्या’ एवढाच सांगितला जातो. कविता मात्र कुणी फारशी वाचत नाही. म्हणून आधी ती साध्या मराठी गद्यात देतो:

“विचारू नकोस, ते जाणणं आपल्याला वर्ज्य आहे, की देवांनी माझ्यासाठी कोणता शेवट ठेवलाय आणि तुझ्यासाठी कोणता. त्या बाबिलोनी आकड्यांच्या नादी लागू नकोस. जे येईल ते सोसावं हेच बरं. मग ज्युपिटरने आणखी पुष्कळ हिवाळे दिलेले असोत, की समोरच्या खडकांवर समुद्राला दमवणारा हाच शेवटचा असो. शहाणी हो. वाइन गाळ. आयुष्य आखूड आहे, लांबलेली आशा छाट. आपण बोलतोय तोवर मत्सरी काळ पळून गेलेला असेल. दिवस खुड. उद्यावर होईल तितका कमी भरवसा ठेव.”

यात मौजमजेचा आग्रह शोधूनही सापडत नाही. एका घाबरलेल्या माणसाला दुसरा माणूस शांत करतो आहे, आणि शांत करणाऱ्यालाही भीती वाटते आहे. ‘माझा शेवट’ आणि ‘तुझा शेवट’ हे दोन्ही त्याने पहिल्याच ओळीत घेतले आहेत. दोघांतलं आधी कोण जाणार, हा प्रश्न त्या दोन शब्दांच्या मध्ये बसलेला आहे.

इंग्रजीत या शब्दांचं भाषांतर ‘सीझ द डे’ असं रूढ झालं आणि तिथूनच थोडा घोटाळा झाला. सीझ म्हणजे झडप घालून ताब्यात घेणं. जप्तीचा शब्द तो. लॅटिनमधलं ‘कार्पेरे’ हे क्रियापद शेताबागेतलं आहे. झाडावरून फळ तोडणं, फूल खुडणं, मेंढीने गवताचे शेंडे खुडत चरणं, या सगळ्याला ते लागतं. ग्रीक भाषेतला फळाचा शब्द ‘कार्पोस’ आणि इंग्रजीतला ‘हार्वेस्ट’ हे त्याचे लांबचे नातेवाईक.

मराठीत आपल्याकडे ‘खुडणे’ हा नेमका शब्द आहे. माझी आजी उन्हाळ्यात संध्याकाळी वाटी घेऊन मोगऱ्याच्या झाडापाशी बसायची. उमललेल्या फुलांना ती हात लावायची नाही. टपोऱ्या झालेल्या पण अजून मिटलेल्या कळ्या तेवढ्या अंगठा आणि तर्जनीच्या नखात धरून खुडायची. एका कळीला एक क्षण. ओढायचं नाही, पिळायचं नाही, देठाशी नख दाबलं की कळी आपसूक वाटीत. ओल्या फडक्यात त्या ठेवल्या की रात्री जेवणं होईतो उमलायच्या आणि माजघरात वास भरायचा. झाडावर उरलेल्याही त्याच रात्री उमलायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्हींच्या पाकळ्या कडेने तपकिरी पडलेल्या असायच्या. होरेसने दिवसासाठी क्रियापद निवडलं ते हे. त्यात घाई नाही, पण वेळ चुकवून चालत नाही.

कवितेतल्या आज्ञाही एकाच अंगणातल्या आहेत: गाळ, छाट, खुड. त्या काळच्या वाइनमध्ये तळाशी गाळ असे, म्हणून प्यायच्या आधी ती गाळून घेत. आज गाळली म्हणजे आजच प्यायची. आशा ‘छाट’ असं म्हणताना वापरलेलं क्रियापद फांदी मागे छाटण्याचं आहे, आणि ते का, हे तासगाव किंवा नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला समजावून सांगावं लागणार नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी केली नाही तर वेल रानोमाळ वाढतो आणि घड धरत नाही. लांबच्या लांब आशा करत राहिलेलं आयुष्यही तसंच, पानांनी भरलेलं आणि फळाविना. मला ही प्रतिमा ‘कार्पे डिएम’पेक्षाही मोठी वाटते. आशा मुळापासून उपटायला होरेस सांगत नाही, बेतात ठेवायला सांगतो.

‘आपण बोलतोय तोवर काळ पळून गेलेला असेल’ या वाक्याचा काळ पाहा. पळतो आहे असं नाही, पळेल असंही नाही. वाक्य पुरं होईपर्यंत ती गोष्ट घडून गेलेली असणार. लॅटिनमध्ये हे एकाच क्रियापदात मावतं आणि मराठी ‘गेलेला असेल’ ते जवळजवळ तसंच उचलते. कवी दिवस खुडायला सांगतो आणि त्याच श्वासात कबूल करतो की सांगण्यातसुद्धा दिवसाचा तुकडा खर्ची पडला.

हे लिहिणारा माणूस सुखवस्तू घरात लोळत वाढलेला नव्हता. होरेस इ.स.पू. ६५ मध्ये जन्मला. बाप मुक्त झालेला गुलाम. ज्युलियस सीझरच्या खुनानंतर पेटलेल्या यादवीत तो ब्रूटसच्या बाजूने लढला, इ.स.पू. ४२ मध्ये फिलिपीच्या रणांगणावर हरला आणि पळाला. ढाल टाकून पळालो, असं त्याने स्वतःच एका कवितेत लिहून ठेवलंय. परत आला तोवर वडिलोपार्जित जमीन गेली होती, मग सरकारी खजिन्यात कारकुनी केली. उद्यावर भरवसा ठेवू नकोस, हे अशा माणसाने म्हटलेलं आहे.

त्याच्या विचारामागे एपिक्युरस हा ग्रीक तत्त्वज्ञ उभा आहे, इ.स.पू. ३४१ ते २७० मधला. त्याची गत थोडीफार आपल्या चार्वाकासारखी झाली. ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ एवढ्यावरून आपण चार्वाकाला उधळ्या ठरवून टाकलं, तसं एपिक्युरसचं नाव पाश्चात्त्य जगात खाण्यापिण्याच्या चैनीला चिकटलं. तो स्वतः भाकरी-पाण्यावर समाधानी असे. सुख म्हणजे मनाला धास्ती नसणं आणि देहाला वेदना नसणं, असं तो मानायचा. मरणाची भीती ही सगळ्यात मोठी धास्ती. ल्यूकोनोईच्या हातातले आकडे काढून घेण्यामागे हाच विचार आहे.

आता आकड्यांकडेच वळू, कारण या परंपरेतल्या कविता एकापुढे एक ठेवल्या की एक गोष्ट ठळक दिसते. जवळपास प्रत्येक ठिकाणी कुणी तरी काही तरी मोजत बसलेलं असतं.

होरेसच्या आधी जवळजवळ सहाशे वर्षं, लेस्बॉस बेटावरच्या अल्सियसने लिहिलं: पिऊ या, दिव्यांची वाट कशाला पाहायची? दिवस बोटभर उरलाय. आकाशातला उजेड त्याने बोटाने मोजला.

होरेसच्या आधीच्या पिढीतला कॅटलस तर चुंबनं मोजतो. लेस्बिया, आपण जगू या, प्रेम करू या, अशी त्याची पाचवी कविता सुरू होते. खडूस म्हाताऱ्यांच्या बोलण्याची किंमत एका दमडीची. सूर्य मावळतात आणि परत येतात, आपला छोटासा उजेड एकदा मावळला की पुढे एकच अखंड रात्र झोपून काढायची. आणि लगेच मागणी: हजार दे, मग शंभर, मग आणखी हजार, पुन्हा शंभर, पुन्हा हजार, पुन्हा शंभर. बेरीज होते ३,३००. पुढे तो म्हणतो की इतकी झाली की आपण हिशेबच विस्कटून टाकू, आपल्यालाही आकडा कळता कामा नये, म्हणजे कुणा दुष्टाची दृष्ट लागणार नाही. मोजलं की नजर लागते, ही समजूत मराठी घरात वाढलेल्या कुणालाही नवी नाही. लेकराच्या भाकऱ्या मोजू नयेत म्हणतात ते याचसाठी. होरेस म्हणतो मोजू नकोस. कॅटलस म्हणतो मोजू आणि मग मोड करून टाकू. मरणाचा आकडा एकच आहे, एक रात्र. त्याच्यासमोर त्याने ३,३०० चा ढीग घातला आणि तो ढीगही स्वतःच उधळला. दोन हजार वर्षांत याहून धीट प्रेमकविता फार थोड्या झाल्या असतील.

रोमच्या उत्तरकाळात या विषयाला गुलाब चिकटला. ‘कुमारिके, गुलाब वेच’ असं सांगणारी एक लॅटिन कविता कधी व्हर्जिलच्या, कधी ऑसोनियसच्या नावावर चालत आली. तिथून तो गुलाब सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये रोन्सारकडे गेला, इटलीत टासोकडे गेला, टासोकडून इंग्लंडात स्पेन्सरकडे. गुलाब देशोदेशी तोच राहिला, खुडायला सांगणारे बदलले.

इंग्रजीतलं सगळ्यांत घरोघरी गेलेलं रूप रॉबर्ट हेरिकचं. त्याचा ‘हेस्पेरिडीज’ हा संग्रह १६४८ चा. तोवर यादवी युद्धाने इंग्लंड पोळून निघालं होतं आणि पुढच्याच वर्षी जानेवारीत राजाचा शिरच्छेद झाला. हेरिक डेव्हनमधल्या एका खेड्यात धर्मोपदेशक होता. राजाच्या बाजूचा म्हणून १६४७ मध्ये त्याला तिथून काढलं गेलं. त्याची कविता कुमारिकांना सांगते: जमतंय तोवर गुलाबाच्या कळ्या वेचा, म्हातारा काळ उडतोच आहे, आज हसणारं हेच फूल उद्या मरणार आहे. त्यात सूर्याचं एक कडवं आहे. आकाशाचा हा दिवा जितका वर चढेल तितकी त्याची धाव लवकर संपेल आणि तितका तो मावळतीच्या जवळ जाईल. दुपारी डोक्यावर आलेलं ऊन म्हणजे उताराची सुरुवात, एवढं साधं.

त्याने फुलांऐवजी कळ्या घेतल्या हे मला फार नेमकं वाटतं. कळी खुडणाऱ्याला उमलण्याचा सोहळा हातात मिळतो. आजीची वाटी आठवा. शेवटी मात्र तो सांगतो, लाजत बसू नका, लग्नं करा. धर्मोपदेशकाच्या तोंडी शोभेल असाच सल्ला. स्वतः हेरिक अविवाहित राहिला. या शब्दांना विल्यम लॉज या दरबारी संगीतकाराने चाल दिली आणि ती खूप गाजली. लॉज १६४५ मध्ये राजाच्या बाजूने लढताना चेस्टरजवळ मारला गेला.

आणि मग अँड्र्यू मार्व्हेल. त्याची ‘टू हिज कॉय मिस्ट्रेस’ ही कविता त्याच्या मृत्यूनंतर १६८१ मध्ये छापली गेली. ४६ ओळी, आणि बांधणी वकिली युक्तिवादाची: असतं तर, पण, म्हणून.

‘असतं तर’मध्ये तो म्हणतो, आपल्याकडे पुरेसं जग आणि पुरेसा वेळ असता तर तुझं हे लाजणं गुन्हा ठरला नसता. तू हिंदुस्थानात गंगेच्या काठी माणकं वेचत बसली असतीस, मी इकडे हंबर नदीच्या भरतीपाशी तक्रारी गायल्या असत्या. गंगेकाठी माणकं काही मिळत नाहीत, पण ईस्ट इंडिया कंपनी १६०० मध्ये स्थापन झालेली होती आणि लंडनच्या कल्पनेत हिंदुस्थान म्हणजे रत्नांची खाण होता. हंबर मात्र खरी आहे. मार्व्हेल तिच्याच काठच्या हल शहरात वाढला, आणि १६४१ मध्ये त्याचे वडील हंबर ओलांडताना बुडून वारले. त्या भरतीचं नाव लिहिताना त्याच्या मनात काय असेल, याचा विचार केल्याशिवाय मला ती ओळ आता वाचता येत नाही.

पुढे हिशेब सुरू होतो. तुझ्या डोळ्यांची आणि कपाळाची स्तुती करायला शंभर वर्षं, प्रत्येक स्तनाला दोनशे, उरलेल्या देहाला तीस हजार. एकूण ३०,५०० वर्षं झाली आणि हृदयाची पाळी यायचीच आहे. प्रेम झाडासारखं वाढेल, साम्राज्यांहून विशाल आणि साम्राज्यांहून संथ.

मग ‘पण’ येतं. पाठीमागे मला सारखा काळाचा पंख लावलेला रथ धावत येताना ऐकू येतो, आणि समोर पसरलेली आहेत अनंतकाळाची वाळवंटं. ३०,५०० वर्षांचा डोलारा या दोन वाक्यांत कोसळतो. रथ दिसत नाही, फक्त ऐकू येतो. पाठीला डोळे नसतात. इथून कविता थेट थडग्यात उतरते. किडे, धूळ, राख. थडगं छान खासगी जागा आहे, पण तिथे कुणी मिठी मारत असेल असं वाटत नाही. ‘म्हणून’मध्ये तो तिला शिकारी पक्ष्यांसारखं वेळेवर तुटून पडायला सांगतो. आपण सूर्याला थांबवू शकत नाही, पण त्याला पळवू शकतो. होरेसचं खुडणं इथे झडप झालं आहे. कविता म्हणून ही अफाट आहे, पण मनाला मला होरेसच जवळचा वाटतो.

एक गोष्ट या कवितांमध्ये खटकत राहते आणि ती सांगायला हवी. बोलतो तो पुरुष. ऐकते ती स्त्री, आणि तिचं उत्तर कवितेत नसतं. वेळ दोघांचाच थोडा असतो, पण लाजण्याची, फसण्याची, बदनामीची किंमत एकटीने भरायची असते. त्या काळातल्या कवींनाही हे कळत होतं. बेन जॉन्सनने कॅटलसच्या त्या कवितेवरून एक गोड गाणं रचलं आणि ‘व्होल्पोनी’ या नाटकात ते एका लबाड धनिकाच्या तोंडी घातलं. दुसऱ्याच्या बायकोवर जबरदस्ती करायला निघालेला तो माणूस ते गातो. चांगल्या शब्दांनी काय काय साधता येतं हे प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिलं.

तिचं उत्तरही एका ठिकाणी सापडतं. ख्रिस्तोफर मार्लोच्या कवितेत एक मेंढपाळ प्रेयसीला बोलावतो: ये, माझ्याबरोबर राहा, गुलाबांची शेज करीन, फुलांची टोपी देईन. १६०० मध्ये एका संग्रहात तिच्याबरोबरच एक उत्तर छापलं गेलं. ते वॉल्टर रॅलीचं मानलं जातं. त्यात ती मुलगी म्हणते, जग आणि प्रेम कायम तरुण राहिलं असतं आणि प्रत्येक मेंढपाळाची जीभ खरं बोलत असती तर आले असते. पण फुलं सुकतात, तुझी ती शेज आणि टोपीही लवकरच मोडेल, कोमेजेल. काळ थोडा आहे हे तिलाही ठाऊक आहे. त्याच कारणासाठी ती नाही म्हणते.

हिशेब एक आणि उत्तर उलटं, याचं याहून मोठं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात एक श्लोक आहे: माणसाचं आयुष्य शंभर वर्षांचं, त्यातलं अर्धं रात्रीत गेलं, उरलेल्याचं अर्धं बालपणात आणि म्हातारपणात, राहिलेलं आजार, वियोग आणि दुसऱ्यांची चाकरी यांत, पाण्याच्या लाटांसारख्या या चंचल जगण्यात सुख ते कुठलं? वामन पंडितांनी ही शतकं मराठीत आणली ती सतराव्या शतकात, म्हणजे इंग्लंडात हेरिक आणि मार्व्हेल लिहीत होते त्याच शंभर वर्षांत. वजाबाकी तीच. एकीकडे तिचं उत्तर कळ्या वेचा असं येतं, दुसरीकडे सोडून द्या असं.

‘कार्पे डिएम’चा सूर मराठीत खऱ्या अर्थाने आला तो फारसीतून आणि पुन्हा इंग्रजीतूनही. एडवर्ड फिट्झजेराल्डने १८५९ मध्ये उमर खय्यामच्या रुबायांचं इंग्रजी रूपांतर छापलं. सुरुवातीला कुणी विकत घेईना म्हणून त्याच्या प्रती दुकानाबाहेरच्या पेनीच्या पेटीत गेल्या होत्या. माधव जूलियनांनी खय्याम मूळ फारसीवरून मराठीत आणला, आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरूनही ‘द्राक्षकन्या’ केली. वाइन गाळ म्हणणाऱ्या होरेसला ते नाव आवडलं असतं.

फिट्झजेराल्डची रुबायात निघाली त्याच वर्षी ए. ई. हाउसमन जन्मला. पुढे तो केंब्रिजमध्ये लॅटिनचा प्राध्यापक झाला. त्याच्या १८९६ च्या ‘अ श्रॉपशायर लॅड’मध्ये एक वीस वर्षांचा मुलगा बहरलेल्या चेरीकडे बघत हिशेब मांडतो: माणसाला सत्तर वर्षं, त्यातली वीस आता परत येणार नाहीत, सत्तर वसंतांतून वीस वजा केले की उरतात पन्नास. बहर बघायला पन्नास वसंत फारच थोडे. म्हणून तो रानात जातो, चेरीवर बर्फासारखी पांढरी फुलं लटकलेली बघायला. तो एकही फूल तोडत नाही. या परंपरेतलं हे माझ्या मते सगळ्यांत हळुवार खुडणं.

लॅटिन संहितांचा संपादक म्हणून हाउसमनचा दरारा होता. दुसऱ्या विद्वानांच्या चुका तो निर्दयपणे काढायचा, आणि वर्गात कवितेच्या सौंदर्याबद्दल अवाक्षर बोलायचा नाही. मे १९१४ मधली एक सकाळ. केंब्रिजची झाडं बहरलेली. त्या दिवशी वर्गात होरेसच्या चौथ्या पुस्तकातली सातवी ओड होती. बर्फ वितळलं, गवत परत आलं, झाडांना पालवी फुटली, असं ती सुरू होते. चंद्र आपलं नुकसान दर महिन्याला भरून काढतो, पण आपण एकदा खाली गेलो की धूळ आणि सावली. आजच्या बेरजेत देव उद्याचा दिवस मिळवतील की नाही, कुणाला ठाऊक?

हाउसमनने नेहमीप्रमाणे पाठभेद, व्याकरण, सगळं कोरडेपणाने उरकलं. मग वर पाहिलं आणि म्हणाला की उरलेली काही मिनिटं ही कविता नुसती कविता म्हणून बघू या. आधी लॅटिनमध्ये वाचली, मग स्वतःच्या इंग्रजी भाषांतरात, आवाजावर ताबा ठेवत. प्राचीन साहित्यातली सगळ्यांत सुंदर कविता मी हिला मानतो, एवढं घाईघाईने बोलून तो झपाट्याने वर्गाबाहेर निघून गेला. पुढच्या तासाला जाताना एक विद्यार्थी सोबतच्या विद्यार्थिनीला म्हणाला, मला अगदी अवघडल्यासारखं झालं, वाटलं म्हातारा आता रडतो की काय. तीन महिन्यांनी महायुद्ध सुरू झालं. तो विद्यार्थी त्यात मारला गेला. ती सकाळ पुढे त्या विद्यार्थिनीने लिहून ठेवली.